माळ्याने उभा केलेला पाटील

मार्गशीर्ष सरत आला होता. माळेगावच्या खंडोबाची यात्रा चार दिवसांवर येऊन ठेपली होती, आणि गंगाखेडाकडून पालमला येऊन पुढे लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्याने घोडे, गाढवे, उंट आणि त्यांच्यामागून पाठीवर बिऱ्हाड घेतलेली माणसे अशी रांग सकाळपासून लागलेली होती. दिवस मावळल्यावर, अंगणातल्या शेगडीत कोळसे रसरसू लागले असताना, एका जुन्या माळवदाच्या घराच्या ओसरीवर आम्ही तिघे बसलो होतो. घर तात्यांचे. तात्यांनी सरकारी नोकरी धरली तेव्हा पालम हे गंगाखेड तालुक्यातले एक गाव होते; पुढे ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले, तात्याही कारकुनाचे अव्वल कारकून होऊन निवृत्त झाले, आणि आज ऐंशी ओलांडल्यावरही एखाद्या जुन्या फेरफाराची हकिकत ते तारीखवार सांगू शकतात. त्यांच्यासमोर बसल्या होत्या त्या बाई. बत्तीस वर्षे मुलींच्या शाळेत शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या या स्त्रीला गावात लहानथोर सारे नुसते ‘बाई’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात पालमने त्यांना जे द्यायचे ते सारे दिले आहे, असे मला नेहमी वाटत आलेले आहे.

त्या दिवशी नेमक्या त्याच शब्दावरून विषय निघाला. आदल्या संध्याकाळी बाई एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुण्या म्हणून गेल्या होत्या. नकलांच्या कार्यक्रमात चित्रपटांतल्या निळू फुल्यांच्या पाटलाची नक्कल करायला सातवीतला एक मुलगा खांद्यावर उपरणे टाकून, धोतराचा सोगा हातात धरून, ओठ एका बाजूला ओढून रंगमंचावर आला, आणि घोगऱ्या, लांबवलेल्या आवाजात त्याने नुसते ‘बाई’ एवढेच म्हटले. पुढचे वाक्य त्याला उच्चारावेही लागले नाही. सारा मंडप हसला. पहिल्या रांगेत बसलेले पाहुणे हसले, शिक्षक हसले, मुलीही तोंडावर ओढणी धरून हसल्या.

“मला त्या लेकराचा राग आला नाही,” बाई म्हणाल्या. “त्याला काय कळते? परंतु मनात आले, की हा शब्द मिळवायला मला बत्तीस वर्षे लागली. या गावात विधवा सुनेला शाळेत नोकरीला पाठवायचे की नाही, यावर एका काळी भावकीची बैठक बसली होती. तेथून निघून या शब्दापर्यंत मी पोहोचले, आणि त्या शब्दाची ही दशा! तात्या, तुम्ही निळू फुल्यांचे नाव काढले की हात जोडता. माझे त्यांच्याविषयी एवढेच म्हणणे आहे, की त्यांच्या सामर्थ्याने या शब्दाला जो डाग पडला, तो कोणीतरी हिशेबात धरला पाहिजे.”

तात्यांनी शेगडीवर हात शेकत थोडा वेळ घेतला. “बाई, नकलेवरून नटाचा न्याय करणे म्हणजे खोट्या मुखत्यारपत्रावरून मालकाला जबाबदार धरणे आहे. त्या मुलाने निळू फुल्यांना पाहिलेले नाही. त्याने पाहिली ती कोणा नकलाकाराची नक्कल. मूळ माणूस कोण होता ते ऐका. पुण्याच्या गरीब घरातला हा मुलगा, ऐन उमेदीत लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करत होता. रोपे लावायची, आळी करायची, पाणी घालायचे. स्वतःची रोपवाटिका काढावी हे त्याचे स्वप्न, आणि ते पैशावाचून राहिले. त्या तुटपुंज्या पगारातलाही काही भाग तो राष्ट्र सेवा दलाला देत असे. अभिनय त्याला भेटला तो सेवा दलाच्या कलापथकात, म्हणजे लोकांना शहाणे करण्याच्या कामाचा एक भाग म्हणून. मग शंकर पाटलांचे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य गाजले, आणि १९६८ साली अनंत मान्यांनी ‘एक गाव बारा भानगडी’त त्याला झेले अण्णा केला. तेव्हा निळू फुले अडतिशीला आले होते. तोवरचे सारे आयुष्य कुदळीवर आणि कलापथकाच्या फळ्यांवर गेलेले. असा माणूस स्त्रीची अप्रतिष्ठा करायला पडद्यावर आला, असे तुम्ही म्हणणार का?”

“मी तसे म्हणणार नाही,” बाई शांतपणे म्हणाल्या. “माणूस निर्मळ होता, हे मला मान्य आहे. परंतु विहीर खणणाऱ्याची नियत चांगली होती म्हणून पाणी गोड लागते असे नाही. माळेगावच्या यात्रेत तंबूतला सिनेमा लागायचा, तो तुम्हीही पाहिला आहे आणि मीही पाहिला आहे. मध्ये दोरी बांधून एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही बायका. पडद्यावर पाटलाची नजर एखाद्या मजुरणीच्या पाठीवर ठरली की दोरीच्या त्या बाजूने शिट्ट्या यायच्या, आणि या बाजूच्या बायका पदर ओढून घ्यायच्या. कोणी काही बोलत नसे. पुढे कितीएक दिवस शेताच्या बांधावर, पाणवठ्यावर तीच नजर, तोच सूर तरुण पोरे वापरायची. निळू फुले खेडोपाडी गेले तर बायाबापड्या त्यांना शिव्याशाप देत, ही गोष्ट सारे कौतुकाने सांगतात; अभिनयाची पावती म्हणून सांगतात. मला त्या शिव्यांचे कौतुक वाटत नाही. त्या बायकांनी तसा माणूस आपल्या वेशीच्या आत पाहिला होता. त्याला त्या शिव्या देऊ शकत नव्हत्या, म्हणून त्यांनी त्या नटाला दिल्या.”

हे वाक्य ऐकून तात्या एकदम सावरून बसले. “बाई, तुम्ही माझेच म्हणणे मांडलेत! तसा माणूस वेशीच्या आत होता, हीच तर माझ्या युक्तिवादाची पायरी आहे. एक हकिकत सांगतो. नाव सांगणार नाही. मी नोकरीला नवा होतो. निजामाची अमदानी सरून पंधरा वर्षे उलटली होती. १९४९ साली जहागिरी खालसा झाल्या होत्या, १९५० साली कूळकायदा आला होता, आणि कागदावर पाहावे तर कसणाऱ्याचा हक्क शाबूत होता. एके दिवशी एक बडे गृहस्थ एका कुळाला घेऊन कचेरीत आले. शिपायाने न सांगता खुर्ची पुसली. गृहस्थ आवाज चढवून बोलले असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते. ते हळू बोलत होते. त्यांनी त्या म्हाताऱ्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी केली, पाऊसपाण्याचे विचारले, चंचीतले पान काढून आपल्या हाताने त्याला दिले; आणि तो पान चघळत असतानाच माझ्यापुढची शाईची गादी त्याच्याकडे सरकवली. म्हाताऱ्याने आपल्या राजीखुशीने जमीन सोडत असल्याच्या अर्जावर अंगठा उठवला. अंगठ्याची शाई त्याने धोतराला पुसली, आणि त्या गृहस्थांच्या पाया पडला. जबाब मी लिहून घेतला. त्यात ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ हे शब्द माझ्या अक्षरात आहेत.”

ओसरीवर काही क्षण कोणी बोलले नाही. रस्त्यावरून उंटाच्या गळ्यातली घंटा वाजत पुढे गेली.

“पुढे १९७५ साली ‘सामना’ आला,” तात्या पुढे सांगू लागले. “विजय तेंडुलकरांचे लेखन, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन. त्यात निळू फुले हिंदुराव धोंडे पाटील झाले: साखर कारखान्याचा धनी, गावाचा कर्ता, पाहुण्याला पंक्तीला घेणारा. समोर डॉक्टर श्रीराम लागूंचा मास्तर, दारूने खचलेला, परंतु गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले हा प्रश्न न सोडणारा. मी तो चित्रपट पाहिला आणि मला माझ्या टेबलासमोरचे ते गृहस्थ दिसले. तीच मृदू वाणी, तीच आस्थेची विचारपूस, तोच हात, जो देतो म्हणून दिसतो आणि घेतो ते दिसत नाही. हिंदुराव ओरडत नाही, कारण त्याला ओरडण्याची गरज नाही. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, सोसायट्या आल्या, कारखाने आले. जुना वाडा पडला आणि त्याच चिऱ्यांवर नवा उभा राहिला. हे स्थित्यंतर आमच्या दप्तरांत कोठेही नोंदलेले नाही. ते एका नटाच्या चेहऱ्यावर नोंदले गेले. बाई, मला जो जबाब लिहिता आला नाही, तो निळू फुल्यांनी लिहिला.”

बाईंचा स्वर मऊ झाला. त्यांची बाजू मात्र ढळली नाही. “‘सामना’विषयी माझा वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. माझी भाची ऑस्ट्रेलियात असते. मागच्या खेपेस ती आली तेव्हा तिने मला तिकडचा एक जुना चित्रपट दाखवला, ‘संडे टू फार अवे’. तोही १९७५ सालचाच. मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या मजुरांची कथा, आणि शेवटी त्यांचा संप. मुख्य भूमिकेत जॅक थॉम्पसन म्हणून तिकडचा मोठा नट. तो कोवळ्या वयात घर सोडून कुरणांवर गुरे राखायच्या कामाला गेला होता, असे भाचीने सांगितले. म्हणजे जो राबला, त्याला त्याच्या देशाच्या चित्रपटाने राबणाऱ्याचीच भूमिका दिली, आणि त्या देशातल्या कष्टकऱ्यांनी पडद्यावर आपला माणूस पाहिला. आमच्याकडे हातात कुदळ धरलेला माणूस होता, मातीचा वास माहीत असलेला होता, सेवा दलाचा होता. आणि आमच्या धंद्याने त्याला काय दिले? वीस-पंचवीस वर्षे धोतर, मिशी आणि वाडा! माझ्या शाळेतल्या मजुराच्या पोरीने पडद्यावर आपला बाप कधी पाहिला नाही. तिने पाहिला तो बापाचा मालक. यात अन्याय त्या पोरीवर झाला, तसाच त्या नटावरही झाला.”

हा मुद्दा तात्यांना सर्वस्वी नाकारता आला नाही. तरीही त्यांनी ‘सिंहासन’ची आठवण दिली: १९७९ सालच्या त्या चित्रपटात मंत्रालयाच्या कारस्थानांचा साक्षीदार असलेला पत्रकार दिगू टिपणीस निळू फुल्यांनीच साकारला, आणि सारे पाहून भान हरपलेला तो माणूस ज्यांनी पाहिला, त्यांच्या मनातून तो जाणे शक्य नाही. मग त्यांनी जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’ नाटकाचे नाव घेतले. त्यातले अप्पाजी हे गांधींच्या मार्गाने गेलेले वृद्ध, आणि सत्तेच्या शिखरावर बसलेल्या स्वतःच्या मुलाविरुद्ध उभे राहणारे. “ज्या कंठातून हिंदुराव बोलला, त्याच कंठातून अप्पाजी बोलले,” तात्या म्हणाले, “आणि दोन्ही वेळा प्रेक्षकाला संशय आला नाही. असे का झाले, याचे माझे उत्तर असे आहे. सत्ताधीशाचे चित्र सत्ताधीशाला काढता येत नाही. तो आरशात पाहतो तेव्हा त्याला आपण दयाळूच दिसतो. वाड्याचे खरे रूप वाड्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला दिसते. कारण मालकाची मर्जी कोणत्या क्षणी फिरते हे मालकाच्या भुवईवरून ओळखणे, हे त्याच्या पोटाचा प्रश्न सोडवण्याचे साधन असते. निळू फुल्यांना पाटील जमला, तो पाटलांच्या पंक्तीला बसून जमला नाही. साहेबाच्या बागेत मान खाली घालून आळी करताना, मान वर न करता वरचे सारे पाहण्याची जी विद्या माणसाला येते, त्या विद्येने तो जमला. मजूर त्यांनी पडद्यावर उभा केला नसेल. परंतु त्यांनी उभा केलेला पाटील हा मजुराच्या डोळ्यांनी पाहिलेला पाटील आहे.”

मला वाटले, वाद येथे संपला. परंतु बाई शिक्षिका होत्या. अर्धे बरोबर असलेल्या उत्तराला पूर्ण गुण देण्याची त्यांना सवय नव्हती.

“हे तुमचे म्हणणे मी मनापासून स्वीकारते,” त्या म्हणाल्या, “आणि त्याच मापाने पुढे मोजते. ‘सखाराम बाइंडर’ घ्या. १९७२ साली ते नाटक आले तेव्हा केवढे वादळ उठले! परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली, दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालयात जावे लागले, आणि तेथे ते जिंकले. सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरात आणतो, आपल्या कायद्याने वागवतो, मारतोही. निळू फुल्यांनी तो साकारला. त्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. कारण ते नाटक सखारामाला सोडत नाही. लक्ष्मी आणि चंपा या दोघींच्या मध्ये त्याचा सारा माज गळून पडतो, आणि शेवटी त्याच्या हातून खून होतो. तेथे बाईकडे पाहण्याच्या त्या नजरेचा पंचनामा होतो. माझी तक्रार आहे ती ज्या चित्रपटांत पंचनामा नाही, नुसती नजर आहे, त्यांच्याविषयी. तेथे त्याच नटाचा तोच चेहरा पुरावा म्हणून येत नाही. मिठासारखा, चवीसाठी टाकला जातो. ‘सामना’ पाहून माणूस गप्प होतो. त्या दुसऱ्या चित्रपटांना माणूस शिट्टी मारतो. तात्या, तुम्ही खरे सांगा, तंबूत तुम्ही दोरीच्या त्या बाजूला होता. तुम्ही हसला होता की नाही?”

तात्यांनी उत्तर द्यायला फार वेळ घेतला. “हसलो होतो,” ते म्हणाले. “कचेरीत ज्याच्यापुढे मी मान खाली घालून जबाब लिहिला, त्याच माणसाची प्रतिमा पडद्यावर पाहून रात्री मी शिट्टीवाल्यांबरोबर हसलो होतो. भीती गेली असे वाटायचे म्हणून हसलो असेन. परंतु दोरीच्या पलीकडे कोणी पदर ओढून घेत होते, हे मला आज तुमच्याकडून कळते आहे.”

या कबुलीनंतर संभाषणाचा नूर पालटला. आता दोघेही एकाच माणसाविषयी, एकाच आदराने बोलू लागले. बाईंनीच सामाजिक कृतज्ञता निधीची गोष्ट काढली: पूर्ण वेळ समाजाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून उभारलेल्या या निधीसाठी डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांच्यासारखी माणसे अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत हिंडली. ज्या लोकप्रियतेविषयी आपण तक्रार केली, तीच त्यांनी मोबदला न घेता कार्यकर्त्यांच्या पदरात टाकली, हे बाईंनी स्वतःहून सांगितले. तात्यांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला निळू फुल्यांनी दिलेल्या साथीचा उल्लेख केला. १९८४ च्या ‘सारांश’मध्ये हिंदी प्रेक्षकांपुढेही ते गजानन चित्रे नावाचा दांडगट पुढारी म्हणूनच गेले, १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार झाला, आणि या कशानेही त्यांच्या राहणीत फरक पडल्याचे कोणी पाहिले नाही. १३ जुलै २००९ रोजी अन्ननलिकेच्या कर्करोगाने पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या गावांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या, त्याच गावांत माणसे हळहळली.

दोघांचे बोलणे ऐकून माझ्या मनाने जो निवाडा केला, तो येथे नोंदवतो. नट आपला चेहरा समाजाच्या स्वाधीन करतो. त्या चेहऱ्याचे पुढे काय करायचे, हे समाज ठरवतो. निळू फुल्यांनी आम्हाला सत्तेचे एक अचूक चित्र दिले, आणि ते पाहून आम्ही सावध व्हावे अशी त्यांच्या साऱ्या आयुष्याची साक्ष होती. आम्ही त्यातला प्रश्न गाळला, त्यातली स्त्री गाळली, मारुती कांबळे गाळला, आणि एक तिरका ओठ व एक लांबवलेला शब्द तेवढा जवळ ठेवला. हा दोष नटाच्या खाती टाकता येणार नाही. तसाच तो बाईंनी मनाला लावून घेतलेल्या दुःखाकडे पाठ फिरवूनही फिटणार नाही. तात्यांचे म्हणणे खरे आहे, आणि बाईंचे म्हणणे ऐकल्यावाचून ते पूर्ण होत नाही.

निघताना बाईंनी सांगितले, की त्या सोमवारी संमेलनाच्या त्या शाळेत जाणार आहेत. मुलाला रागे भरायचे नाही. त्याच्या अंगात गुण आहे. त्याच्याकडून पुढच्या संमेलनासाठी ‘सूर्यास्त’मधल्या अप्पाजींचा एक प्रवेश बसवून घ्यायचा, आणि तालमीच्या आधी त्याला एवढेच सांगायचे, की ज्यांची तू नक्कल केलीस ते बागेत माळी होते, आणि पगारातले थोडे पैसे दर महिन्याला इतरांच्या कामासाठी बाजूला काढत होते. गावोगावच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की आपल्या शाळेतही असा एखादा मुलगा असेल; त्याची नक्कल थांबवू नका, त्याला मूळ माणूस दाखवा.